न प्यायलेले पाणी

मित्रांनो, उरणकडच्या एका शेडमध्ये, दाराशेजारच्या तिवईवर एक जुना माठ बसलेला असतो. तो मीच. माझी कहाणी फार मोठी नाही, आणि ती मला नीट सांगता येईल का याचीही खात्री नाही. माठाने गार पाणी द्यावे, गोष्टी कशाला सांगाव्यात, असे तुम्ही म्हणालात तर मी गप्प बसेन. पण तोवर ऐका.

माझा जन्म पेणकडच्या एका कुंभाराच्या अंगणात झाला. गळा चाकावर घडला, आणि पोट थापीने हळूहळू थोपटून फुगवले गेले. भट्टीतून निघालो तेव्हा कुंभारणीने बोटाने मला वाजवून पाहिले आणि ती म्हणाली, "हा छान पाझरेल." माठाला याहून मोठी शाबासकी नसते. जो पाझरतो त्याचेच पाणी गार होते.

तिथून मी किहीमच्या वाचनालयात गेलो. नारळीच्या सावलीत कौलारू खोली, भिंतीला पुस्तकांची कपाटे आणि कोपऱ्यात मी. वर्तमानपत्र मोठ्याने वाचणारे एक-दोन आजोबा रोज येत. मला जी काही भाषा येते ती त्यांच्याकडून कानावर पडलेली. लोक माझे पाणी पीत आणि "वा!" म्हणत. मग एके वर्षी पाणी थंड करणारे विजेचे यंत्र आले. मला जिन्याखाली ठेवले. माझ्या तोंडावर कोळ्याने जाळे विणले. मला वाईट वाटले, पण यंत्राचे पाणी माझ्यापेक्षा गार होते हे खोटे कसे म्हणू?

या शेडचे मालक काळूरामशेठ, त्यांची बहीण किहीमला दिलेली. तिच्याकडे आले असताना त्यांनी मला पाहिले. "हा असाच पडून कशाला? माझ्या शेडवर बायका उकाड्यात काम करतात. द्या मला," असे म्हणून त्यांनी मला गाडीत घातले, आणि वाटेत फुटू नये म्हणून स्वतःची शाल माझ्याभोवती गुंडाळली. अशा माणसाबद्दल मी वाईट कसे बोलू?

शेठचे वडील मिठागरात राबलेले. शेठनी आधी ट्रक चालवले, मग ही शेड उभारली. इथे सोडे, म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी, निवडून पाकिटात भरतात. ती पाकिटे मुंबईच्या एका कंपनीकडे जातात आणि तिथून मोठमोठ्या दुकानांत. निवडणाऱ्या सगळ्या बायका. चोहीकडे सपाट खारजमीन, झाड नाही, झुडूप नाही. समोर रस्ता, आणि त्यावर कंटेनरच्या गाड्यांची रांग.

शेठ रोज सकाळी मला काठोकाठ भरून घेत. माझ्यावर नवे झाकण आले, चकचकीत पेला आला. गाड्यांचे ड्रायव्हर येऊन घटाघटा पाणी पीत. बायका मात्र पीत नसत. पत्रा तापे, त्यांचे ओठ सुकत, आणि त्या पेल्यात घोटभर पाणी घेऊन तोंड ओले करत. उरलेले दाराबाहेर टाकून देत.

मित्रांनो, मला वाटले, दोष माझाच. माझ्या पाण्याला कोळंबीचा वास येत असेल. की मी आता पाझरत नाही? की वाचनालयातल्या लोकांनी उगाच माझे मन राखले होते? संध्याकाळी मी जवळजवळ भरलेलाच असे, आणि लाजून कोपऱ्यात बसे.

या बायकांत एक कमळ होती. कामाला चटपटीत. भांडण लागले तर दोघींना हसवून सोडवणारी. तिने मान हलवली की बाकीच्या काम सुरू करत. एकच गोष्ट शेठना खटके. दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती बांधावरून पळत घरी जाई आणि नेहमी उशिरा परत येई.

एके दिवशी कंपनीच्या मृणालीमॅडम आल्या. माल कुठून येतो, काम कसे चालते, हे पाहणे त्यांचे काम. शेठनी पाणी पुढे केले. "नको, गाडीत बाटली आहे," त्या म्हणाल्या. मी आणखी खजील झालो.

"शेठ, काम सगळ्या बायका करतात आणि मुकादम मात्र पुरुष," मॅडम म्हणाल्या. "आमच्या कंपनीला माल देतात तिथं यंदापासून मुकादम बाई हवी, आणि पगारही मुकादमाचाच हवा. इथली कुणी तयार असेल तर उत्तम. नाहीतर पनवेलहून एखादी पाठवू."

"पनवेलहून कशाला? आमची कमळ हाय ना!" शेठ म्हणाले. "काय गो, होशील ना मुकादम?"

कमळच्या चेहऱ्यावर क्षणभर असा उजेड आला की मला वाटले, आता ही नाचेल. पण लगेच तिची नजर खाली गेली.

"नको शेठ."

"नको? का गो?"

"मुकादमाला गाडी भरेपरयंत हलता येत नाय. मना दुपारी घरी जावं लागतं. सासूला जेवाला वाढाचं असतं."

शेजारची नेत्रा खुदकन हसली. "काशीआयला? ती तर परवा बाजारात भांडून आख्खा जिताडा मासा घेऊन आली. तिला कशाला वाढाला लागतंय?"

"गप गो!" कमळने तिला चिमटा काढला.

शेठना गहिवरून आले. "बघा मॅडम, सून असावी तर अशी," ते म्हणाले. आणि थोडा विचार करून त्यांनी मांडीवर थाप मारली. "ठरलं! उद्यापासून तुझ्या सासूला माझ्या घरून डबा. गरमगरम. तू टेन्शन घेऊच नको. चार दिवस मुकादमी करून बघ."

कमळने जे कारण सांगितले होते, ते शेठनी प्रेमाने उचलून बाजूला ठेवले होते. "बरं," ती म्हणाली. तिचा आवाज मला जेमतेम ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी मॅडम मुद्दाम पाहायला आल्या. सकाळी कमळचा हात आणि जीभ दोन्ही जोरात. दुपार झाली. सुट्टी झाली. ती घरी गेली नाही. जेवलीही नाही, आणि माझ्याकडे तर फिरकलीच नाही. उन्हे कलली तेव्हा ती खांबाला धरून उभी होती. चेहरा पांढरा पडला होता. शेठ स्वतः पेला भरून घेऊन गेले. "उकाड्यानं झालं. पाणी पी बघू." तिने पेला घेतला, आणि तसाच हातात धरून ठेवला.

इतक्यात दारातून गर्जना झाली. "काळूराम! आरं मी काय मेले काय, मना डबा पाठवतस?"

काशीआय, कमळची सासू. नऊवारी खोचलेली, हातात शेठच्या घरचा डबा. शेठ मिठागराच्या चिखलात उघडे धावत तेव्हापासून ती त्यांना ओळखते.

"काशीआय, तुमची सूनच म्हणाली," शेठ गडबडले. "तुम्हाला दुपारी वाढायला लागतं म्हणून."

"मना? आरं, ही दुपारी घरी येते ती सरल मागच्या दाराला पलते. मंग दोन तांबे पानी पिते. आन जेवाला मी तिला वाढतंय!"

नेत्रासुद्धा हसली नाही.

शेठना उलगडायला थोडा वेळ लागला. "पण इथं आहे ना संडास," ते पुटपुटले. "कुंपणाजवळ."

"त्याला कडी हाय काय? समोर ते ट्रेलरवाले बाप्ये उभे. तू जाशील?"

"मला कुणी बोललं नाय, काशीआय. आईशप्पथ."

"तुला बोलाला यांना लाज वाटते. सासूचं नाव घेतलं की सून चांगली दिसते आन इषय मिटतो."

कमळने पेला खाली ठेवला आणि पदर तोंडाला लावला. तेव्हा मृणालीमॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "शेठ, मीसुद्धा इथं यायच्या आधी पाणी पीत नाही. वाटेत पेट्रोल पंपावर थांबून येते. प्रत्येक वेळी. आणि तरी या बायकांना विचारायचं मला सुचलं नाही."

त्या दिवशी मला कळले, मित्रांनो, की माझ्या पाण्याला वास येत नव्हता.

शेठ तडक आपल्या केबिनमध्ये गेले. तिथे त्यांचा स्वतःचा संडास होता, टाइल्स लावलेला. त्याची चावी आणून त्यांनी कमळच्या हातात दिली. "आजपासून हा बायकांचा. नवीन बांधून होईपर्यंत."

"बांधायचा निम्मा भार कंपनी उचलेल, ते मी बघते," मॅडम म्हणाल्या. "बांधकाम चालू आहे म्हणून माल दुसरीकडून घेणार नाही, हेही लिहून देते."

कमळ गेली आणि परत आली. तोंडावर पाणी मारलेले होते. सरळ माझ्याकडे आली. ती एक पेला प्यायली, मग दुसरा, मग झाकण तसेच उघडे ठेवून तिसरा. माझ्या मातीला तेव्हा जे वाटले ते मला सांगता येत नाही. मी प्रयत्नही करत नाही.

दुसऱ्या दिवशी शेठना कुंपणाजवळच्या संडासात जावे लागले. ते फारच लवकर, लालबुंद होऊन बाहेर आले. संध्याकाळच्या आत तिथे कडी बसली.

"शेठ, कडी लगेच कशी हो मिळाली?" नेत्राने विचारले.

"गप बस, काम कर!" शेठ म्हणाले, आणि स्वतःच हसू लागले.

बायकांसाठीची नवी खोली शेठना फाटकासमोर बांधायची होती, रंगीत पाटी लावून.

"शेठ, दाखवाला बांधताव का वापराला?" कमळने विचारले. मग ती शेडच्या मागे गेली आणि टाचेने चिखलात रेघ ओढली. दार इकडे, मिठागराकडे, रस्त्याकडे नको. कडी आतून. आत नळ, दिवा, झाकणाची बादली. मुकादम म्हणून तिचा पहिला हुकूम तो, आणि शेठनी तो शब्दशः पाळला.

आता दुपारच्या आधीच मी रिकामा होतो आणि मला पुन्हा भरावे लागते. खाऱ्या हवेने माझ्या अंगावर पांढरे पोपडे आले आहेत, एका बाजूने पाझर कमी झाला आहे. माझ्यासारखा जुना माठ तुमच्या घरी असेल तर त्याला साबण लावू नका, नुसत्या हाताने आतून घासा. तेवढे पुरते.

आणि तुम्ही मोठे झालात, तुमच्या हाताखाली माणसे काम करू लागली, की त्यांच्यासाठी पाणी जरूर भरून ठेवा. ती ते पितात का, तेही पाहा. पीत नसतील तर रागावू नका, आणि घाईने डबाही पाठवू नका. जवळ बसून विचारा. आणि मित्रांनो, पहिले उत्तर मिळाले की लगेच उठू नका.