माझे काळे अंग कापू नका

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे, पण मला बिचारा म्हणायचे काम नाही. केंदूरच्या दगडी हवेलीच्या तोंडाशी मी आजही छाती काढून उभा आहे.

लोकरीच्या एका व्यापाऱ्याने ही हवेली बांधली. सुतारांनी माझ्या सागवानी अंगावर, वरच्या भागात, वेली आणि मोर कोरले. येणारा-जाणारा मान वर करून बघे आणि मी फुशारून जाई. पुढे व्यापाऱ्याची मंडळी शहरात गेली आणि हवेली गावातल्या गेणबाच्या वडिलांनी घेतली. ते मेंढपाळ होते. मग काय, रोज दिवस मावळताना सगळा कळप माझ्यातून चौकात शिरायचा, एकमेकांना रेटत, माझ्यावर अंग घासत. लोकरीचा ओशटपणा लाकडात मुरला आणि कमरेखाली मी काळाकुळकुळीत, गुळगुळीत झालो. सुरुवातीला मला शिसारी आली, खोटे कशाला बोलू? पण पुढे वाळवीने चौकट पोखरली, तेव्हा माझ्या त्या काळ्या भागाकडे ती फिरकलीसुद्धा नाही. मग मी नाक मुरडणे सोडले.

नव्वदच्या सुमारास गेणबाने मेंढरे विकली, शेती धरली आणि घर मळ्यात नेले. हवेलीला कुलूप लागले. छप्पर बसले, चौकात घाणेरीची झुडपे माजली. गावातल्या पोरांनी माझ्यावर कोळशाने स्टंप काढले. निदान त्यांना तरी माझा उपयोग कळला!

दोन हजार चार साली गेणबाच्या मुलाने, रविराजने, हवेली दुरुस्त करून पाहुण्यांसाठी खोल्या काढायचे ठरवले. तो साखर कारखान्यात इंजिनिअर. पुण्याहून धनश्री नावाची आर्किटेक्ट आली. दगडी भिंती तशाच, वर लोखंडी तुळया, चौकावर काचेचे छत, असा तिचा बेत. मला तो आवडला. इतक्या वर्षांच्या अंधारानंतर ऊन कुणाला नको?

पण रविराजने माझ्याकडे बोट दाखवले. "वरचं नक्षीकाम हेरिटेज हाय, त्याचं टेबल करू. खालचं काळं कापून टाका. दाराला नवी काच बसवू."

"अहो, अख्खा दरवाजाच ठेवू या ना," धनश्री म्हणाली.

"न्हाई मॅडम. पाव्हणं इचारतील, ह्ये डाग कशाचे? काय सांगू, मेंढरांचे?"

मला आडवे पाडले. सिद्दीक मिस्त्रीने करवत लावली आणि माझ्या अंगातून पहिला भुसा उडाला. मी कुरकुरलो, पण लाकडाचे कोण ऐकतो! तेवढ्यात मळ्यातून गेणबा आला आणि त्याने करवतीपुढे हात ठेवला.

"आबा, हात काढा!" सिद्दीक ओरडला.

"न्हाई काढत. रविराज, मोर त्या येपाऱ्याचं. ह्ये काळं तेवढं आपलं. आपलंच तेवढं कापतुयास व्हय रं?"

रविराजनेच सिद्दीकच्या हातातून करवत काढून घेतली.

धनश्रीने नकाशा पुन्हा काढला. दोन्ही बाजूंना काचेची दारे आणि मधोमध, नव्या लोखंडी चौकटीत, मी अख्खा. रविराजने मान डोलावली खरी, पण त्याच्या कपाळावरची आठी गेली नाही. माझ्याजवळून जाताना तो खाली बघायचे टाळी.

पाडव्याला हवेली उघडली. पुण्याचे एक पाहुणे वाकून म्हणाले, "एवढं सगळं केलंत, हा डाग तेवढा राहिला की!"

रविराजचे कान लाल झाले. आता हा माफी मागणार, असे मला वाटले.

"डाग न्हाई त्यो," तो म्हणाला. "आमची मेंढरं हितनं जायची. आमी मेंढरांवर जगलेली माणसं."

आणि त्याने माझ्या दोन्ही फळ्या सताड उघडल्या.

मित्रांनो, जुनी घरे खुशाल नवी करा. काच लावा, लोखंड लावा, माझी हरकत नाही. पण मिरवायचे तेवढे ठेवून राबलेले तेवढे कापू नका. आणि ज्याला आपल्याच माणसांची लाज वाटते, त्याने काचेच्या दारातून खुशाल जावे. माझ्यातून नाही.