बिनकठड्याची गल्ली

त्या गल्लीत तेवीस घरं होती आणि तेवीसच्या तेवीस अपुरी होती. अपुरी म्हणजे आत माणसं राहत होती, पलंग होते, पडदे होते, एका घरात तर नाती-पणत्या झाल्या होत्या. पण नगरपालिकेच्या दफ्तरात या सगळ्या घरांचं बांधकाम अजून चालू होतं. नियमच तसा होता. जिन्याला कठडा बसला की घर पूर्ण झालं असं धरायचं, आणि पूर्ण झालेल्या घरालाच घरपट्टी लावायची. नियम करणारा माणूस सज्जन असावा. उघड्या जिन्याच्या घरात कोणी राहायला जाणारच नाही, असं त्या बिचाऱ्याला वाटलं. त्यानं ही गल्ली पाहिलेली नव्हती.

तेव्हा गल्लीत एकाही जिन्याला कठडा नव्हता. मुलं चालायला लागायच्या आधी बसून घसरत उतरायला शिकायची. पाहुण्याला "या, बसा" म्हणायच्या आधी "भिंतीकडून या" म्हणायची पद्धत होती. नव्या सुनेला घरातल्या माणसांची ओळख सावकाश व्हायची, जिन्याची मात्र पहिल्याच दिवशी करून द्यायचे. वर्षाला एखादं हाड मोडायचं. ते घरपट्टीपेक्षा स्वस्त पडतं, असा सगळ्यांचा हिशेब होता. तो कोणी मांडून पाहिला नव्हता, हा भाग वेगळा.

सातव्या घरात वेल्डर राहायचा. तळमजल्यावर दुकान, वर घर. त्याचा धंदा कठडे करण्याचा. शाळेचा, बँकेचा, पलीकडच्या पुलाचा, सगळे कठडे त्याच्या हातचे. स्वतःच्या जिन्याचा कठडाही त्यानं घर बांधलं त्याच वर्षी हौसेनं केला होता. हाताला खरखर लागू नये म्हणून वरचा पाइप घासून घासून गुळगुळीत केला होता. मग गंजू नये म्हणून त्याला रेड ऑक्साइडचा हात मारला, गोणपाटात गुंडाळला आणि दुकानाच्या मागच्या भिंतीला उभा करून ठेवला. त्याला आता एकोणीस वर्षं होत आली होती. आपल्या घरात आणखी एक जण राहतो, बिचारा खात नाही की बोलत नाही, नुसता उभा असतो, असं त्याची बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

ही युक्ती समोरच्या वकिलांनी शोधून काढलेली. वकील नुसती युक्ती देऊन थांबले नव्हते, त्यांनी तिला तत्त्वज्ञानही पुरवलं होतं. मी तुझ्या खिशात हात घातला तर मी चोर, मग सरकारनं घातला तर तो कर कसा? हा प्रश्न ते वेल्डरच्या दुकानातल्या स्टुलावर बसून विचारायचे आणि उत्तर यायच्या आत चहा मागायचे. वेल्डरला तो प्रश्न इतका आवडला होता की गिऱ्हाइकांना तो स्वतःचा म्हणून ऐकवायचा. आणि त्यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. रस्त्याला खड्डे होते, वरची माणसं खात होती, हे सगळ्यांना माहीत होतं.

बायको मात्र ऐकून घेणारी नव्हती. धाकटीची शाळा फुकट, नळाला पाणी येतं, कोपऱ्यावर दिवा लागतो, ते कुणाच्या घामाचं, असं तिनं एकदा विचारलं. ते सरकारचं, वेल्डर म्हणाला.

"सरकार कुठे वेल्डिंग करतं का?" ती म्हणाली. "कोणीतरी भरतं म्हणून येतं ना ते? आणि खातात तर बोंब मारा की. पण बोंब मारायला आधी आपण दिलेलं असावं लागतं."

वेल्डरनं ग्राइंडर चालू केला. तो चालू असला की कानात दुसरं काही शिरत नाही. घरात वाद जिंकायचा हा त्याचा हुकमी उपाय होता.

वर्षातून एकदा घरपट्टीचा इन्स्पेक्टर यायचा. गल्लीच्या मालकीचा वाळूचा एक ढीग होता. त्या दिवशी तो पाटीपाटीनं इन्स्पेक्टरच्या पुढे पुढे एका घरासमोरून दुसऱ्या घरासमोर जायचा. इन्स्पेक्टर आंधळा नव्हता. तीच वाळू तो इतकी वर्षं पाहत होता, एका वर्षी तर तिच्यात व्यालेली मांजरीसुद्धा तीच होती. पण बिनकठड्याच्या जिन्यावर अधिकाऱ्यानं चढू नये असाही एक नियम होता, म्हणून तो कधी वर गेला नाही, आणि वरची चकचकीत फरशी त्याला कधी दिसली नाही.

खालची बाजू वेल्डरची आई सांभाळायची. म्हातारी मुळात सरळ बाई. भाजीवाल्यानं चुकून जास्त टाकलेली दोन वांगी परत द्यायला ती दोन गल्ल्या चालत गेलेली. पहिल्या वर्षी मुलानं तिला पायरीशी बसवून काय सांगायचं ते पढवलं, तेव्हा तिनं विचारलं होतं, "म्हणजे खोटं बोलू का रे?"

"खोटं कसलं? रेलिंग लागलंय का? नाही ना? मग काम चालूच आहे."

तिला ते पटलं नाही, पण मुलगा म्हणाला म्हणून ती बोलली. नंतर सवय झाली. हातात कागद-पेन घेतलेला माणूस दारात दिसला की ती न विचारता सांगायची, "वर कोणी राहत नाही, साहेब. काम चालू आहे." एकदा जनगणनेच्या बाईलाही तिनं तेच सांगितलं, आणि त्या वर्षी ते घर देशात नव्हतं.

हे सगळं असंच चालू राहिलं असतं. पण एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास बायकोनं पुन्हा कठड्याचा विषय काढला. दुकानात जागा नाही म्हणून वेल्डरनं चौकोनी पाइपांचा गठ्ठा जिन्यात भिंतीकडून उभा करून ठेवला होता. आता भिंतीकडून उतरायचीही सोय राहिली नाही, निदान ते पाइप तरी काढा, आईंचं वय काय, असं ती वरून म्हणत होती. वेल्डरनं ग्राइंडर चालू केला.

म्हातारी त्याचा चहा घेऊन जिना उतरत होती. पाइपांपाशी ती थांबली. "अरे, हे जरा धर बाजूला," असं तिनं दोनदा म्हटलं. ते वर बायकोला ऐकू आलं. खाली, चार हातांवर बसलेल्या मुलाला आलं नाही. मग तिनं उघड्या बाजूनं पाऊल टाकलं.

त्याला आवाज आला नाही. फरशीवरून वाहत चपलेपाशी आलेला चहा दिसला, तेव्हा त्यानं मान वर केली.

रुग्णवाहिका वेळेत आली, पण गल्लीच्या तोंडाशी अडली. घराला क्रमांक मिळतो तो घर पूर्ण झाल्यावर. चालकानं विचारलं, नंबर काय? नंबर नव्हता. बरं, खूण काय? पुढे वाळू पडलेली आणि जिना उघडा असलेलं घर, असं फोनवर कोणीतरी सांगितलं होतं. वाळू तेव्हा दुसऱ्याच घरापुढे होती आणि जिने सगळेच उघडे, चालक घरं पाहत सुटला. वेल्डर रस्त्यावर धावत येईपर्यंत दहा मिनिटं गेली होती.

सरकारी दवाखान्यात म्हातारीला व्हरांड्यात गादी मिळाली. वॉर्ड भरला होता. वरच्या मजल्यावर चाळीस खाटांची सोय व्हायची होती, पण तिकडे जाणाऱ्या जिन्यावर आडवी दोरी बांधलेली होती आणि तिला एक पाटी लटकत होती. काम चालू आहे. वेल्डरनं सवयीनं जिना निरखला. पायऱ्या झाल्या होत्या, कठड्याचे गज उभे राहिले होते, त्यांना गंज चढला होता. हे किती वर्षांचं आहे, त्यानं नर्सबाईंना विचारलं.

"मी आले तेव्हापासून असंच आहे," त्या सलाइन लावता लावता म्हणाल्या. "पैसे येत नाहीत हो. पण काळजी करू नका, व्हरांड्यातसुद्धा नीट बघतो आम्ही."

त्या टोमणा मारत नव्हत्या. टोमणा असता तर त्याला उत्तर तरी देता आलं असतं.

मग डॉक्टर आले. तरुण होते, डोळे झोपेनं तांबारलेले. त्यांच्या हातात कागद होता आणि पेन होतं.

"आजी, राहता कुठे? घरात जिना आहे का?"

म्हातारीनं डोळे उघडले. कागद पाहिला, पेन पाहिलं. मोडलेल्या खुब्यासकट कोपरावर उठायचा प्रयत्न केला.

"वर कोणी राहत नाही, साहेब," ती म्हणाली. "काम चालू आहे."

"पडलात कुठून?"

"पडले नाही." आणि तिनं मुलाकडे पाहिलं, बरोबर म्हटलं ना, अशा नजरेनं.

डॉक्टरांनी वेल्डरला विचारलं, काय म्हणतायत या?

"भ्रमात आहे ती," वेल्डर म्हणाला.

एकोणीस वर्षांत त्या घरातून बरंच खोटं बोललं गेलं होतं, पण यासारखं नाही. म्हातारी पूर्ण शुद्धीवर होती. तिनं ते ऐकलं आणि मान भिंतीकडे वळवली. बायको नवऱ्याकडे पाहत राहिली. तिथे ग्राइंडर असता तरी त्या नजरेपुढे उपयोगाचा नव्हता.

खुब्यात पोलादी पट्टी आणि पाच स्क्रू बसवले. पोलादाचा भाव वेल्डरला पाठ होता. पैसे कुठे भरायचे, हे विचारायला तो खिडकीपाशी गेला. काही भरायचं नाही, सही करा, कारकून म्हणाला. कोण भरतं मग, हा प्रश्न वेल्डरच्या जिभेवर आला, आणि त्यानं सही केली. जन्मात पहिल्यांदा त्याला फुकट मिळालेली गोष्ट घेताना मान वर करता येईना.

जिना आता विसरायचा, असं डॉक्टरांनी सांगितलं. म्हातारीची खाट दुकानात आली. दुसऱ्या दिवशी सकाळी वेल्डरनं गोणपाट सोडलं आणि कठडा बसवला. दीड तास लागला. दीड तासाच्या कामाला एकोणीस वर्षं घेतली, असं तो स्वतःशीच दोनदा म्हणाला.

वेल्डिंगचा उजेड पाहून गल्ली जमली. वकील पुढे झाले. एक घर पूर्ण झालं की बाकीच्या बावीस घरांवर नजर जाईल, तुला शेजाऱ्यांच्या पोटावर पाय द्यायचाय का, असं त्यांनी शांतपणे विचारलं. मग आवाज उतरवून, अगदी मायेनं म्हणाले, "अरे, आणि तुझी आई आता जिना चढणार आहे का? तिला काय उपयोग याचा?"

"काही उपयोग नाही," वेल्डर म्हणाला. "तेच तर."

त्यानंतर दुकानातलं स्टूल रिकामं राहिलं. समोरच्या घरानं त्याच्याकडून पाणीसुद्धा मागायचं सोडलं.

महिन्यानं इन्स्पेक्टर आला. वाळूचा ढीग सहाव्या घरापर्यंत येऊन थांबला, पुढे कोणी आणला नाही. सातव्या दारात त्याला पाहताच म्हातारी खाटेवर सावरून बसली.

"वर कोणी राहत नाही, साहेब. काम चालू..."

वेल्डरनं तिच्या हातावर हात ठेवला.

"राहू दे, आई. साहेब, काम संपलंय. आम्ही सगळे वर राहतो. चढून बघा."

इन्स्पेक्टरनं कठड्याकडे पाहिलं, मग पिशवीत बराच वेळ हात घालून एक वेगळा अर्ज काढला. या गल्लीत तो अर्ज कधी लागला नव्हता, त्याच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या.

"काम संपल्याची तारीख?"

वकील आपल्या दारात उभे होते. ते खाकरले आणि सल्ला म्हणून म्हणाले, गेला महिना लिहा, कायद्यानं बरोबर आहे, कठडा गेल्याच महिन्यात लागला. ते खरं होतं. पट्टी त्या तारखेपासून लागली असती आणि मागचं सगळं मागेच राहिलं असतं.

"कठडा एकोणीस वर्षांपूर्वी तयार होता," वेल्डर म्हणाला. "घरही. ती तारीख लिहा."

"मागची सगळी पट्टी बसेल. दंडही," इन्स्पेक्टर हळूच म्हणाला. "विचार करून सांगा."

"लिहा."

पेन कागदावर टेकलं. समोरच्या दोन-तीन खिडक्या लागल्या. म्हातारी एकदा पेनाकडे, एकदा मुलाकडे पाहत होती.

"मग इतकी वर्षं मी काय बोलत होते रे?" तिनं विचारलं.

ग्राइंडर हाताशीच होता. वेल्डरनं तो चालू केला नाही.

"माझं खोटं, आई," तो म्हणाला. सगळ्या गल्लीला ऐकू गेलं.