टिन्डाराचा पॅडल-रेडिओ

मित्रांनो, मी एक जुना बिनतारी संच आहे, आणि माझा आवाज कधीच माझ्या एकट्याचा नव्हता. ऐकायला मला बॅटरी पुरत असे. बोलायला मात्र कुणाचे तरी पाय लागत. माझ्या टेबलाखाली सायकलला असतात तशी दोन पॅडल होती. ती फिरली की वीज उमटे आणि शब्द शेकडो मैल निघून जात. पाय थांबले की मी मुका. ऐकणे तेवढे उरे, आणि ते सुटता सुटत नसे.

दक्षिणेकडच्या एका शहरात, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेल्या एका अबोल कारागिराने मला घडवले. तिथून आगगाडीने आणि पुढे मालमोटारीने मी टिन्डाराला आलो. टिन्डारा म्हणजे तांबड्या मातीवरचे एक घर, एक पवनचक्की आणि नजर पोहोचेल तिथपर्यंत गुरे. शेजारचे घर चाळीस मैलांवर. पहिली वर्षे मी मोठ्या माणसांचा होतो. डॉक्टरांचे विमान मी बोलावले, पुराची वर्दी मी दिली. दुपारी दूरदूरच्या बायका माझ्यातून एकमेकींशी बोलत. सगळ्या एकदमच बोलू पाहत, म्हणून पुरुष त्या तासाला गुलाबी पोपटांचा थवा म्हणत. स्वतः मात्र दाराआड उभे राहून तो ऐकत.

मग एके वर्षी, तीनशे मैलांवरच्या गावात एक बाई माइकसमोर बसल्या. त्यांचे नाव मिस लॉरिमर. त्या दिवसापासून रोज सकाळी वीस मिनिटे मी शाळा झालो.

वीस मिनिटे ती काय, असे तुम्हाला वाटेल. मलाही वाटले होते. पण त्या बाईंनी एका सकाळी चंद्र का झिजतो ते सांगितले, दुसऱ्या सकाळी मुलांना स्वतःची नाडी मोजायला लावली. कधी एका भाकरीच्या तुकड्यांवर अख्खे अपूर्णांक शिकवले. अष्टपाद अंगाचा रंग कसा बदलतो हे त्यांनी समुद्र कधीच न पाहिलेल्या मुलांना असे सांगितले, की मुले दुपारभर पाण्याच्या हौदात डोकावत राहिली. मी आयुष्यात पुष्कळ आवाज वाहिले. इतक्या थोड्या वेळात इतके जग ठेवणारा दुसरा आवाज मला भेटला नाही.

टिन्डाराची विद्यार्थिनी होती व्हर्ना हॅडो. वय दहा, शब्द मोजके. तिची आई आयला रोज माझी पॅडल मारी आणि व्हर्ना बटण दाबून उत्तर देई. बोलणे संपले की 'ओव्हर' म्हणून बटण सोडायचे, म्हणजे पलीकडच्याचे ऐकू येई. मार्चमध्ये आयला घोड्यावरून पडली. घोटा असा दुखावला, की पॅडल सुटले ते सुटलेच. तेव्हा हे काम टिन्डाराच्या स्वयंपाक्यावर आले. त्याचे नाव आल्फ डनेज.

"बारा माणसांचं रांधायचं, आणि वर या डब्याचे पाय चेपायचे," आल्फ पहिल्याच दिवशी म्हणाला.

"चेपायचे नाहीत, आल्फकाका. फिरवायचे."

"तेच ते. राजा आहे हा. याला मालिश लागते."

तो रोज कुरकुरत येई, आणि रोज पाच मिनिटे आधी येई. पिठाचे हात एप्रनला पुसून बसे आणि खिडकीबाहेर असे बघत राही, की जणू धड्याशी त्याचा काही संबंध नाही. जेवणाच्या वेळी मात्र गुराख्यांना ऐकू येई, "अष्टपादाला तीन काळजं असतात, ठाऊक आहे का? तुम्हाला एक तरी आहे का, कोण जाणे." आल्फला वाचता येत नव्हते. डब्यांवर तो चित्रे काढी: मिठाच्या डब्यावर ढग, चहाच्या डब्यावर किटली. हे सगळ्यांना ठाऊक होते आणि त्याविषयी कुणी बोलत नसे.

वर्षअखेरीस प्रत्येक मुलाला तीन मिनिटे मोठ्याने वाचून दाखवावे लागे. बाईंनी स्वतः ऐकल्याशिवाय मूल वरच्या वर्गात जात नसे. आदल्या वर्षी व्हर्नाची पाळी आली तेव्हा नेमके दूरवर वादळ होते. माझ्या खरखरीत तिचा एक शब्दही पोहोचला नाही. या वेळी गुरांच्या मागे निघताना तिचे वडील लेस उंबऱ्यावर थांबले.

"यंदाही राहिलं, तर ॲडलेडला आत्याकडे जायचं. तिथल्या शाळेत समोर बाई असते."

"मला इथंच राहायचंय, बाबा."

"मग ऐकू जाईल असं वाच," ते म्हणाले, आणि टोपी घालून गेले. ते कठोर नव्हते. त्यांना दुसरा उपाय माहीत नव्हता, एवढेच.

परीक्षेच्या सकाळी पत्र्याचे छप्पर तापून कडकडत होते. आई समोर असली की जीभ अडखळते, असे व्हर्ना म्हणाली, म्हणून आयला पाय स्टुलावर ठेवून ओसरीत बसली. खोलीत व्हर्ना, आल्फ आणि मी. टपालाने आलेल्या पुस्तिकेत एका जहाजाची गोष्ट होती. जहाज बर्फात अडकले आहे, दोन खलाशी परतलेले नाहीत, आणि जहाजावरचा स्वयंपाकी कंदील घेऊन त्यांना शोधायला निघतो.

आल्फचे पाय फिरू लागले, व्हर्नाने बटण दाबले. पहिल्या दोन ओळी ती पुटपुटली. मग, मित्रांनो, तिला काय झाले कोण जाणे, पण ती आम्हाला विसरली. तिचा आवाज त्या माणसाबरोबर बर्फावर चालू लागला, जपून, एकेक पाऊल टाकत. बाहेर ऊन रटरटत होते आणि माझ्या तारांना थंडी वाजत होती. पायांखाली बर्फ चिरल्याचे तिने वाचले, आणि नेमक्या त्या शब्दाला वीज दाखवणारी माझी सुई खाली पडली.

आल्फचे पाय थांबले होते. मान पुढे, तोंड किंचित उघडे. व्हर्ना पुढे वाचत होती, सुंदर वाचत होती, आणि तिचा एकही शब्द खोलीबाहेर जात नव्हता. मी सगळे ऐकत होतो. मला सांगता येत नव्हते.

तिने बटण सोडले तेव्हा बाईंचा आवाज आला. "व्हर्ना, बर्फ चिरला इथवर मला ऐकू आलं. पुढं काहीच नाही. वेळही संपली गं. ओव्हर."

पाठोपाठ शेजारच्या कुरणावरचा शाळकरी क्लेम बोलला. "टिन्डाराचा डबा बुडाला वाटतं, मिस. बर्फात. ओव्हर."

व्हर्नाने पुस्तिका मिटली. तिने आल्फकडे पाहिले, मग थांबलेल्या पॅडलकडे, आणि तिला कळले. एक वाक्य बोलली असती तर ती सुटली असती. ती बोलली नाही.

"तो माइक इकडं दे," आल्फ म्हणाला.

"राहू दे, आल्फकाका. सगळे ऐकतात."

"ऐकू दे. धर माझ्या तोंडासमोर. बटण दाब." आणि त्याने पॅडल मारायला सुरुवात केली, जोरात, पायांवर राग काढल्यासारखी.

"मिस, मी आल्फ डनेज. इथला स्वयंपाकी. डबा धड आहे, पोरगीही धड आहे. पाय माझे थांबले. ओव्हर."

"का थांबले, मिस्टर डनेज? ओव्हर."

तो धापा टाकत होता. "तो माणूस एकटा होता, मिस. बर्फावर. मला वाटलं, इथं खडखड केली तर बुडेल." पॅडल फिरत राहिली. "मला वाचता येत नाही. त्याचं काय झालं, ते मला तिच्याकडूनच कळणार होतं. ओव्हर."

शेकडो मैलांवर सगळे ऐकत होते. प्रत्येक घरात एक संच, प्रत्येक संचापुढे एक मूल, आणि कुणीही हसले नाही. क्लेमसुद्धा नाही.

"व्हर्ना," मिस लॉरिमर सावकाश म्हणाल्या, "ऐकणारा आपले पाय विसरला. याहून मोठी परीक्षा मला घेता येत नाही. तू पास आहेस. मी तसं लिहिलंय." मग कागद उलटल्याचा आवाज आला. "क्लेम, तुझं वाचन उद्या. आज उरलेली मिनिटं टिन्डाराची. व्हर्ना, बर्फ चिरला तिथून पुढं वाच. आणि मिस्टर डनेज, या वेळी पाय चालू राहू द्या. तो बुडणार नाही, मी सांगते. ओव्हर."

"आधीच सांगून टाकलं बाईनं," आल्फ पुटपुटला. पण त्याचे पाय एकदाही थांबले नाहीत. आयला लंगडत दारापर्यंत आली होती आणि चौकट धरून उभी होती.

दोन वर्षांनी मोठ्या बॅटरीचा नवा संच आला. त्याला कुणाचे पाय लागत नव्हते. माझी रवानगी खोगिरांच्या खोलीत झाली. कोंबड्या माझ्यामागे अंडी घालतात, तांबडी धूळ माझ्या तबकडीवर बसते. मी तक्रार करत नाही. त्याच खोलीत, उलट्या खोक्यावर बसून, व्हर्नाने आल्फला अक्षरे शिकवलेली मी पाहिली. रोज वीस मिनिटे. जास्त नाही, कारण भाकरी करपते. मिठाच्या डब्यावरचा ढग त्याने पुसला नाही. त्याखाली फक्त एक शब्द लिहिला, मोठा आणि वाकडा.

मित्रांनो, घरातल्या जुन्या यंत्रावरची धूळ कधीमधी पुसा, आम्हाला बरे वाटते. पण फडके हाती घेण्याआधी आजूबाजूला एकदा पाहा. खिडकीबाहेर बघण्याचे निमित्त करून कुणी तुमचा धडा ऐकत असेल. त्याच्याजवळ बसा, आणि त्याला ऐकू जाईल असे वाचा.