पिवळा दोरा

"अगं बाई! पिवळं?" रेनाता दोन पावलं मागे सरली आणि तिनं डाव्या छातीला हात लावला. ब्वेनोस आयरेसच्या नाटकातल्या बायका अपशकुन टाळायला असाच हात लावतात. "देलियाताई, परवा पहिला प्रयोग आहे. मला मारायचा बेत आहे का तुमचा?"

"पिवळं नाही गं, लिंबाच्या सालीचा रंग आहे."

"मग लिंबू काय निळं असतं? रंगमंचावर पिवळं म्हणजे साक्षात मरण. मी नाही घालणार."

देलिया झगा हातावर घेऊन तशीच उभी राहिली. तिचं सगळं आयुष्य नाटकांची वेशभूषा करण्यात गेलेलं. कंबर गेली होती, डोळे अधू झाले होते, आणि हे तिचं शेवटचं नाटक होतं. पिवळं चालत नाही हे तिला काय ठाऊक नव्हतं? तरी तिनं हट्ट केला. शेवटी शेवटी माणसाला एखादा हट्ट करावासा वाटतोच.

सकाळीच एका मासिकाची मुलगी येऊन गेली होती. "तुमची स्वतःची स्टाइल काय?" तिनं विचारलं.

देलियाच्या अंगात नेहमीचा काळा झगा, गळ्यात कात्री. तिच्याआधी शिलाईवाली चिचाच बोलली, "हिची स्टाइल विधवेची. तीसुद्धा लग्न न करता!"

"आणि प्रेरणा?"

"बसमध्ये बसते मी," देलिया म्हणाली. खोटं नव्हतं. तिच्या एका राणीची बाही मासळीवालीची होती, आणि एका खलनायकाचा कोट तिकीटतपासनिसाचा. पण आईच्या झग्याबद्दल ती बोलली नाही; ते फक्त चिचाला ठाऊक होतं. तेवढं सांगायचं त्राण नव्हतं.

आई लोकांचे कपडे धुवायची. रविवारी कामं आटपून कोर्रिएन्तेस रस्त्यावर उभी राहायची आणि नाटक सुटल्यावर बाहेर पडणाऱ्या बायकांचे कपडे डोळे भरून बघायची. घरी येऊन लेकीला सगळं सांगायची, बाही अशी होती, कॉलर तशी होती. आत मात्र कधी गेली नाही. देलियाच्या पहिल्या नाटकाला ती आपला एकुलता चांगला झगा घालून मागच्या दाराशी आली. तो पिवळा होता. दारवान म्हणाला, "पिवळं घालून आत नाही, बाई." आई म्हणाली, "बरं, पुढच्या वेळी येईन." देलियाला हे प्रयोग संपल्यावर कळलं. त्याच हिवाळ्यात आई गेली.

म्हणून या शेवटच्या नाटकासाठी तिनं तसाच झगा शिवला होता. आईला नाही, निदान तिच्या झग्याला तरी आत जाऊ दे, एवढंच तिचं म्हणणं होतं.

आता चिचानं शेगडीवर मोठं पातेलं चढवलं. "दे इकडे. गडद हिरवा करू. कशाला जिवाला लावून घेतेस?"

देलियानं झगा आपल्या हातानं रंगात बुडवला. काठीनं ढवळताना तिला रडू आलं. तिनं ते लपवलंही नाही. चिचानं तिच्यापुढे माते, म्हणजे तिकडच्या पानांच्या चहाचा पेला, धरला. दोघी एकाच नळीनं आळीपाळीनं तो कडू काढा ओढत राहिल्या.

झगा वाळला तेव्हा चिचानं घेर उलटून पाहिला. कापड सुती, ते हिरवंगार झालं होतं. दोरा पॉलिएस्टरचा, त्यानं रंग धरला नव्हता. प्रत्येक टाका पिवळाच्या पिवळा.

"उसवून परत शिवते," चिचा म्हणाली.

"राहू दे."

"अगं, कुणी पाहिलं तर?"

"माझ्यात त्राण नाही, चिचा. तुझ्यात आहे का?"

चिचानं तिच्याकडे नीट पाहिलं आणि झगा इस्त्रीला घेतला.

पहिल्या प्रयोगाला नाट्यगृह भरलं होतं. देलिया आणि चिचा विंगेत उभ्या होत्या. नाचाच्या प्रवेशात रेनातानं गिरकी घेतली, घेर उडाला, आणि खालच्या शिवणीची बारीक पिवळी रेघ दिव्याखाली गोल फिरून गेली. टाळ्या पडल्या. चिचाचा हात पटकन डाव्या छातीकडे गेला, पण अर्ध्यावरच थांबला. मग तो देलियाच्या खांद्यावर आला.

"आली गं तुझी आई आत," ती हळूच म्हणाली.

देलियानं कोपऱ्यातलं स्टूल ओढलं. पाय फार दुखत होते. ती बसली आणि नाटक संपेपर्यंत बघत राहिली.