एक ठोका, मग कान

मी दिवसाला तीनशे कमोड वाजवतो. हे मोठ्याने सांगितलं की लोक हसतात. पहिल्या दिवशी घरी येऊन सांगितलं तेव्हा बायकोला इतकं हसू आलं की तिला स्टुलावर बसावं लागलं. मीही हसलो, म्हणजे तोंड उघडून तसा आवाज काढला.

काम साधं आहे. भट्टीतून निघालेली भांडी, कमोड आणि बेसिनं, गार झाली की फळ्यांवर रांगेने येतात. प्रत्येकाला लाकडी हातोडीने एकदा ठोकायचं. धड भांडं खणखणीत वाजतं. आत कुठे तडा असेल, अगदी डोळ्याला न दिसणारासुद्धा, तर ते बद्द वाजतं. खणखणीत असेल तर निळ्या खडूची रेघ मारायची, बद्द असेल तर लाल फुली. फुलीचं भांडं आपणच मोठा हातोडा घेऊन फोडायचं, म्हणजे ते चुकून कुणाच्या घरी जायला नको.

त्याआधी सतरा वर्षं मी एका फर्निचर कंपनीत ट्रकांची वेळापत्रकं बनवत होतो. मग ते काम करणारं सॉफ्टवेअर आलं. कुठला रस्ता अरुंद आहे, कुठल्या गोदामाचा वॉचमन दुपारी झोपतो, हे सगळं तीन महिने मीच त्याच्यात भरलं, आणि ते शहाणं झाल्यावर मला नारळ मिळाला. नारळ आपला म्हणायला, हातात एक पाकीट पडलं. मी सगळ्यांशी हात मिळवले, आभार मानले. साहेब म्हणाले, “तुम्ही फार समजूतदारपणे घेतलंत.” कसला समजूतदारपणा! मला काही वाटतच नव्हतं. दात काढल्यावर बधिर झालेला गाल माणूस चावून बघतो ना, तसं मी अधूनमधून स्वतःला विचारायचो, काय रे, वाईट वाटतंय का? नाही. बरं.

पुढचे चार महिने घरी होतो. त्या चार महिन्यांत एक गोष्ट मात्र मी एकदाही चुकवली नाही. संध्याकाळी सहा ते सात ड्रम. एरवी घरात रबरी पॅडवर, आणि शनिवारी शिंप्याच्या दुकानामागच्या खोलीत, जिथे माझे खरे ड्रम असतात. तिथे आम्ही चौघं जमतो. मेहुणा गिटार वाजवतो, शिंपी बास वाजवतो आणि एक दातांची डॉक्टर गाते. पंधरा वर्षं झाली. प्रसिद्ध वगैरे आम्ही कधी झालो नाही, पण भांडलोही नाही, आणि तेही काही थोडं नाही.

“पूर्वी तू वाजवलंस की मला स्वयंपाकघरातून कळायचं, आज साहेबाशी वाजलंय की पगारवाढ झालीये,” बायको एकदा म्हणाली. “आता तू वाजवतोयस की नळ गळतोय, तेच कळत नाही.”

“लय तर बरोबर आहे ना?”

“नळाचीही बरोबर असते.”

कारखान्यातल्या मुलाखतीत सुपरवायझर बाईंनी स्वतःबद्दल सांगा म्हटलं. स्वतःची टिमकी वाजवणं मला कधी जमलं नाही. इतकी वर्षं ड्रम वाजवणाऱ्या माणसाची ही तऱ्हा. मग त्यांनी विचारलं, “कान कसे आहेत?” “चांगले आहेत,” म्हणालो. झाली मुलाखत. दहा दिवस शिकायचं, मग परीक्षा: चाळीस भांड्यांत तडे गेलेली किती ते सांगणार नाहीत, एक जरी सुटलं तरी घरी जायचं. माझ्याआधी दोघं गेले होते. माझ्यासाठी दुसरी कुठलीही नोकरी रांगेत उभी नव्हती.

शिकवायला पारखी काका होते. नाव वेगळं असणार, पण सगळे पारखी काकाच म्हणायचे. तीस वर्षं त्यांनी भांडी ठोकली होती. दोन दिवस ते माझ्या शेजारी उभे राहिले आणि काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मी निळी रेघ मारलेलं एक बेसिन मागे ओढलं.

“परत मारा.”

मारलं. बद्द. अगदी स्वच्छ बद्द.

“मघाशी कसं सुटलं?” मी विचारलं.

“तुम्ही वाजवत होतात. ठक ठक ठकाठक. आधीच्या भांड्याचा आवाज संपायच्या आत पुढच्यावर. घरी काही वाजवता का?”

“ड्रम.”

“तरीच. एक ठोका, मग कान. ठोका मारला की हात मेला पाहिजे.” त्यांनी माझ्या हातातून हातोडी घेतली आणि परत दिली. “परीक्षा होईपर्यंत काठ्यांना हात लावू नका. ताल अंगात असला की माणूस पुढचा ठोका ऐकतो, झालेला ऐकत नाही.”

“बरं,” मी म्हणालो.

घरी आलो आणि पॅड कपाटावर ठेवून दिला. मेहुण्याला फोन केला, या शनिवारी येत नाही, पुढच्या शनिवारचं आत्ता सांगता येत नाही. तोही “बरं” म्हणाला. वाईट वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. सहा वाजले, सात वाजले, मी खुर्चीत बसून होतो.

“नंतर परत धरशील ना?” बायकोने विचारलं.

“बघू.”

“तुझं बघू म्हणजे नाही.” ती कपाटावरच्या पॅडकडे बघत राहिली. “नोकरी गेली तेव्हा मी घाबरले नाही. हे गेलं तर मला तुझी खरंच भीती वाटेल.”

मला वाटत नव्हती. माझ्या वाटणीचंही तीच घाबरून घेत होती. बिचारी.

परीक्षा शनिवारी सकाळी झाली. बाई वही घेऊन उभ्या होत्या, काका हाताची घडी घालून. मी एक ठोका मारायचो आणि थांबायचो. आवाज भांड्याच्या कडेने फिरून विरून जाईपर्यंत थांबायचो. चाळीसपैकी तीन बद्द निघाली. एकाबद्दल शंका आली, पुन्हा ठोकू का विचारलं, ठोकलं, धड होतं. बाई म्हणाल्या, “सोमवारपासून कायम.” काकांनी पाठीवर थाप मारली. मी आभार मानले आणि तीन भांडी फोडली.

बायकोला फोनवर सांगितलं. ती आधी ओरडली, मग म्हणाली, “आज शनिवार आहे.”

“माहितीये.”

“मग जा.”

पोचलो तेव्हा सहा वाजून गेले होते. शिंप्याचं दुकान बंद होतं, मागच्या खोलीचं दार लोटलेलं. आत गाणं चालू होतं. मी बाहेर थांबलो, दहा दिवसांची सवय. आवाज विरेपर्यंत ऐकायचं. पण तो विरत नव्हता. डॉक्टरीणबाई छान गात होत्या. मेहुणा पायाने जमिनीवर ठेका धरत होता, बास त्याला चिकटून चालला होता. कुठे अडखळत नव्हतं. मी कान देऊन तडा शोधला. कुठेच बद्द नव्हतं. माझ्याशिवाय गाणं खणखणीत वाजत होतं.

मी दार ढकललं.

“चालतंय की तुमचं!”

सगळे थांबले.

“चालतंय ना माझ्याशिवाय? मग सांगायचं तसं! तोंडावर सांगायचं! आभार कसले मानता, हात कसले मिळवता? सतरा वर्षं! सतरा वर्षं घासली मी इथे, आणि एका माणसाने... एकाने तरी...”

माझा आवाज चिरकला. हा आवाज मला ओळखू येईना.

“पंधरा,” शिंपी हळूच म्हणाला. “आपल्याला पंधरा झाली.”

कुणी हसलं नाही. डॉक्टरीणबाई खाली बघत होत्या. आपण कुणाशी भांडतोय ते माझ्या लक्षात आलं. भिंतीला हात टेकला. चार महिन्यांपूर्वी त्या ऑफिसच्या जिन्यात टेकायला हवा होता.

मेहुण्याने गिटार खाली ठेवलं.

“चालतं, भावोजी,” तो म्हणाला. “खोटं कशाला बोलू? कुणावाचून कुणाचं अडत नाही. पण आम्हाला चालवून घ्यायचं नाहीये. बसा.”

मी बसलो. शिंप्याने काठ्या माझ्या हातात दिल्या. त्यांनी तेच गाणं पहिल्यापासून धरलं आणि मी सुटलो, नुसता सुटलो, लयीच्या पुढे, गाण्याच्या पुढे. डॉक्टरीणबाई धापा टाकत मला गाठायला बघत होत्या, आणि कुणीही मला थांब म्हणालं नाही. डोळे वाहत होते, नाकही वाहत होतं, आणि दोन्ही हात कामात असल्यामुळे पुसता येत नव्हतं.