पान एकशे बारा, सहीसाठी

या वहीचे नियम पहिल्या पानावर छापलेत. पान फाडायचं नाही. चुकलं तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. पान भरलं की साक्षीदाराने ते वाचून सही करायची. माझी साक्षीदार माझी धाकटी जाऊ. प्रयोगशाळेत आम्ही दोघीच.

सोमवार, ११:२०

उद्देश: धाकटीचे पॉलिमरचे नॅनोकण पाण्यातलं शिसं खरंच धरून ठेवतात का, ते तपासणे.

(खोडलेलं) उद्देश: तिचं पितळ उघडं पाडणे.

कारण: जुन्या बॅटऱ्या फोडणाऱ्या कारखान्यामागे एक शाळा आहे. तिच्या टाकीवरच्या फिल्टरमध्ये कुणाचे कण घालायचे, ते प्रयोगशाळेचे प्रमुख सर शुक्रवारी ठरवणार. माझे कण शंभरातले चौऱ्याण्णव भाग शिसं काढतात. तीन वर्षं घासली त्यासाठी. तिचे सत्त्याण्णव. आठ महिन्यांत.

(खोडलेलं) तिला इथे मीच चिकटवली. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ.

११:४५

"ताई, माझ्या बाटल्या कशाला घेतल्यात?"

"बघतेय जरा."

"सांगायचं ना, धुऊन दिल्या असत्या."

"तू धुतलेल्याच बघायच्यात."

हसली. तिला टोमणा कळत नाही की कळूनही पचवते, ते मला लग्नापासून उमगलेलं नाही.

पद्धत: मी काचेच्या बाटल्या वापरते, ती प्लास्टिकच्या. माझा संशय असा की शिसं तिच्या कणांना नाही, प्लास्टिकलाच चिकटतं. म्हणून शिशाचं पाणी भरलं, कण टाकलेच नाहीत. उद्या शिसं कमी भरलं तर ते बाटलीने खाल्लं.

तक्त्यात दुसरा रकाना रिकामा राहिला. रिकामा रकाना मला बघवत नाही. तेच पाणी माझ्या काचेच्या बाटलीतही भरलं.

मंगळवार

(खोडलेलं) सकाळी चहाला सासूबाई: "धाकटीचे सत्त्याण्णव म्हणे! आणि तुझे गं?" जणू दोघी एकाच वर्गात आहोत. धाकटीने कप माझ्यापुढे सरकवला, साखर बरोबर घातलेली. तेही तिला जमतं.

१०:०५

प्लास्टिक: शंभरातले अठ्ठ्याण्णव शिल्लक. बाटली काही खात नाही. तिचे कण खरे.

काच: एकसष्ट.

(खोडलेलं) मशीन बिघडलंय.

पुन्हा काच: साठ.

कण नसताना माझ्या काचेने चाळीस भाग गिळले. असली कणांशिवायची बाटली मी एकदाच तपासली होती, तीन वर्षांपूर्वी, आम्ल घातलेल्या पाण्यात. आम्लात शिसं काचेला चिकटत नाही. शाळेच्या पाण्यात आम्ल नाही, माझ्या चौऱ्याण्णवच्या चाचणीतही नव्हतं.

बुधवार, ९:५०

माझे कण, तिच्या बाटलीत. निघालं बावन्न.

(खोडलेलं) दुसरा रकाना भरायला कुणी सांगितलं होतं?

उरलेले अठ्ठेचाळीस भाग शिसं मुलं प्यायली असती. माझ्या नावाच्या फिल्टरमधून.

निष्कर्ष: शाळेसाठी धाकटीचे कण घ्यावेत.

साक्षीदार: वाचलं, खोडलेल्यासकट. (सही)

सहीखाली काही लिहायचं नसतं. तरी लिहिते.

वही तिच्यापुढे ठेवली तेव्हा ती म्हणाली, "खोडलेलंही वाचायचं?"

"नियम आहे."

वाचत गेली. पितळावर बोट थांबलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या, माझ्या की तिच्या, आता आठवत नाही.

"ताई, पितळातही थोडं शिसं असतं बरं का."

"सही कर."

केली. पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"सरांना मी सांगू? तुम्हाला जड जाईल."

"मीच सांगणार. तू सांगितलंस तर मी आणखी जळेन."

"मग माझे कण तुम्ही एकदा काचेत तपासा," ती म्हणाली. "शंभर येतील."

दोघी हसलो. ती आधी थांबली.

(खोडलेलं) सहीसुद्धा माझ्याहून सुबक करते.