आत्याबाईंचा पाईप

थांब रे बाबा, ते ड्रिल आधी खाली ठेव. बस त्या उलट्या बादलीवर. तुला एक गोष्ट सांगतो. ती ऐक, मग ठरव त्या भिंतीला भोकं पाडायची का नाही ते. मी पण तुझ्यासारखाच हातावर पोट असलेला, पाईप जोडणारा माणूस. शाळेचं नि माझं कधी जमलं नाही. घरातली सगळी अक्कल धाकट्या बहिणीच्या, आमच्या छोटीच्या वाट्याला गेली.

ही खोली तिचीच. समुद्रातल्या जिवांचा अभ्यास करते. लहानपणापासूनचं खूळ. एकदा आंघोळीच्या बादलीत खेकडा सोडून ठेवला होता. बाबांनी तोंडाला साबण लावून, डोळे मिटून बादलीत हात घातला आणि जी बोंब ठोकली! म्हणाले, "ही पोरगी नांदणार कुठे?" नांदली की! अर्धं आयुष्य बोटींवर नांदली.

तर ह्या टाकीत राहतात आत्याबाई. ऑक्टोपस आहे. नाव मी ठेवलं. कोणी आलं की वरपासून खालपर्यंत बघायचं, पसंत नाही पडलं तर तोंडावर पाणी उडवायचं. आमची सख्खी आत्या हुबेहूब अशीच. ह्या जातीचा ऑक्टोपस आजवर कुणाच्या टाकीत टिकला नव्हता. आणला की थोड्याच दिवसांत खलास. छोटीने त्यापायी केस पांढरे केले, तेव्हा कुठे ही टिकली. राहायला मी पाईपचा उरलेला तुकडा दिला, एका तोंडाला टोपी बसवून. आत्याबाई खूश!

आणि एक दिवस तिने खाणंच सोडलं. खेकडा दिला की ढकलून द्यायची. पाईपचं तोंड अडवून बसलेली, रंग उडालेला. छोटी माझ्यावरच उखडली.

"दादा, खरं सांग, कुठे पितळेचा नळ बसवलास का? तांब्याचा अंश पाण्यात उतरला तरी विष आहे तिला!"

मी मुकाट्याने अख्खी लाईन उघडून दाखवली. सगळं प्लास्टिक. "झालं समाधान?"

ती मटकन फरशीवर बसली. "मग आजारीच आहे रे. ही गेली तर माझ्या हातात काय उरलं?"

ठरलं मग. पाईपची टोपी कापायची, आत्याबाईंना मागून बाहेर ढकलायचं आणि औषधाच्या पाण्यात ठेवायचं. पाईप तिच्यासकट उचलून टबात घेतला. मी करवत टेकवली.

"थांब दादा! तिचं अंग कुठवर आहे ते बघू दे, नाहीतर पाय कापशील. तुझा तो गटाराचा कॅमेरा आण."

तुंबलेल्या नळीत सोडतो ना आपण, लांब वायरचा, तोच. मला तो घासघासून धुवायला लावला आणि मग तिनेच आत्याबाईंच्या बाजूच्या फटीतून आत सोडला. मी परत करवत घेऊन तयार.

पडद्यावर आधी काही कळेना. मग दिसले पाईपच्या छताला लटकलेले तांदळाच्या दाण्यांसारखे घोसच्या घोस. हलत होते.

"बुरशी लागली वाटतं," मी म्हटलं.

छोटीने वायर पुढे सरकवली. दाण्यादाण्यात दोन-दोन काळे ठिपके.

"हे काय गं?"

"डोळे," ती म्हणाली.

अरे, माझ्या अंगावर सर्रकन काटा आला! शेकडो डोळे. हातातली करवत सुटली, फरशीवर खणकन वाजली. त्या आवाजासरशी आत्याबाईंनी अंग फुगवून सगळे घोस झाकले, आणि एका पायाने कॅमेरा बाहेर लोटला.

"पण ही तर एकटी! नवरा कुठून आला?"

"नराचं बीज महिनोन्‌महिने जपून ठेवतात ह्या. समुद्रातूनच घेऊन आली असणार." छोटीने पडदा जवळ ओढला. "अंडी घातली की ह्या खाणं सोडतात. हे मी पुस्तकात लिहिलंय रे दादा! नर नव्हता, म्हणून डोक्यातच आलं नाही. आणि आपण कापणार होतो."

"बरं, वाचली ना? आता खाईल ना?"

तिने मान हलवली. "नाही. अंड्यांना हवा मिळावी म्हणून त्यांच्यावर पाणी फुंकत बसेल. पिल्लं बाहेर पडली की ती जाईल. औषध नाही ह्याला."

इतक्या खटपटीने जगवलेली, आणि ही तर मरायचं ठरवूनच बसलेली! छोटीने तोंड फिरवलं, पाईप उचलला आणि तान्हं बाळ ठेवावं तसा टाकीत परत ठेवला. त्या दिवसापासून छोटी इथून हललेली नाही. ती बघ, खुर्चीत बसल्या बसल्या डोळा लागलाय. ह्या जातीची पिल्लं अजून कुणी पाहिलेली नाहीत, आणि आता आज-उद्यावर आलंय. आत्याबाईंना शेवटपर्यंत पाणी फुंकू दे.

म्हणून म्हणतो, आज भिंतीला हात लावू नकोस. आणि जाताना तेवढं दार हळू ओढून घे.